उसवण्याची मजुरी कुणी द्यायची?

इंदापूर तालुक्यातल्या एका गावात गेल्या दिवाळीनंतर कापडी पिशव्या आणि बटवे शिवायला शिकवणारा सात दिवसांचा वर्ग झाला. समाजमंदिरात आठ मशीनं मांडलेली, शिकायला आम्ही बावीस जणी. मागच्या भिंतीवर फलक. त्यावर पुरुषांचे सहा फोटो, एक शिलाई मशीनचं चित्र आणि खाली 'महिला सक्षमीकरण' ही अक्षरं. मशीनपुढे बसणारी बाई फलकावर कुठेच नव्हती.

खरं सांगायचं तर मी शिकायला गेलेच नव्हते. बारामती-इंदापूर भागात बायकांच्या प्रश्नांवर काम करायला लागून मला वीस-बावीस वर्षं झाली. टाकलेल्या बायकांची पोटगी, रेशनकार्डावरचं नाव, दारूच्या दुकानाविरुद्ध आडव्या बाटलीचं मतदान, यात आयुष्य गेलं. शिवणक्लास हा शब्द ऐकला की माझं कपाळ आठ्यांनी भरायचं. बाईने हक्क मागितला की तिच्या हातात सुई द्यायची, म्हणजे तिची मान खाली आणि तोंड बंद, असं मी किती तरी सभांमधून बोलले आहे. टाळ्याही घेतल्या आहेत. त्या दिवशी गेले ती वर्गाला आलेल्या बायकांना सभेचं निमंत्रण द्यायला. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "ताई, बसा की मशीनवर. नुसतं बघून काय कळतंय?"

बसले. पहिल्या तासाभरात दोरा अकरा वेळा तुटला. पायाने पट्टी दाबली की चाक पुढे जायच्या ऐवजी मागे फिरायचं आणि तटकन दोरा जायचा. चाक पुढे गेलं तर कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचं घरटं. शेजारी एकोणीस वर्षांची मुलगी होती. तिच्या आईला मी कधी काळी २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा समजावून सांगितला होता. ती मला समजावत होती, "ताई, कापड ओढू नका. ते आपलं आपण जातंय. तुम्ही फक्त सरळ धरा." मी ओढतच होते. माझ्या पहिल्या पिशवीचा एक बंद दुसऱ्यापेक्षा दीड बोट लांब झाला. ती पिशवी मी अजून वापरते. तिच्यातून भाजी आणताना ती एका बाजूला कलते आणि मला दर वेळी त्या समाजमंदिराची आठवण होते.

सातव्या दिवशी मी चार पिशव्या आणि एक बटवा शिवून घरी आले. नाडीचा, आत अस्तर लावलेला बटवा. आता त्यात माझे पैसे असतात. साडीला खिसा नसतो ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याबद्दल कुणी बोलतही नाही. बारामतीच्या बाजारात भाजी विकणारी बाई कमरेला पिशवी बांधून तिच्यात गल्ला ठेवते. घरातल्या बाईचा पैसा पदराच्या गाठीत, डाळीच्या डब्यात, नाही तर नवऱ्याच्या खिशात. स्वतःच्या हाताने शिवलेली, स्वतःच्या पैशाची पिशवी ही क्षुल्लक गोष्ट नाही, हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं. म्हणून पहिला कबुलीजबाब आपल्या घरचा. शिवणकामाला नाकं मुरडून आपण चळवळीतल्या बायकांनी चूक केली. ते काम आपण हलकं मानलं आणि त्यामुळे त्या कामाच्या मजुरीचा हिशेब मांडायलाही आपण कधी बसलो नाही. बाकीच्यांचं चांगलंच फावलं.

आता बाकीच्यांकडे वळते.

या वर्गात आम्हाला काय शिकवलं? आधीच कापलेले तुकडे जोडायला. कापड भिजवून घ्या, इस्त्री करा, उलटी बाजू उलट्या बाजूला लावून पहिली टीप मारा, कडा कातरा, पिशवी पालटा आणि सुलट्या बाजूवर सुलटी ठेवून दुसरी टीप मारा, म्हणजे दोऱ्या सुटणाऱ्या कडा आतल्या आत बंद होतात. बंदाच्या टोकाशी चौकोन शिवा आणि त्या चौकोनात फुली मारा, म्हणजे ओझ्याने बंद उपटत नाही. हे सगळं चांगलं शिकवलं. त्या बाईंच्या हाताला दोष नाही, त्यांनाही दिवसाचं ठरावीक मानधन होतं आणि तेही उशिरा आलं असं नंतर कळलं. पण कातर आणि खडू शेवटपर्यंत आमच्या हातात आला नाही. बेतायचं कसं, हे कुणी सांगितलं नाही. विचारलं तर उत्तर मिळालं, "कटिंग करून येणारच आहे. तुम्ही फक्त शिवायचं."

'तुम्ही फक्त शिवायचं' या तीन शब्दांत सगळं आलं. बेतणं म्हणजे कापड किती लागलं ते कळणं. ते कळलं की पिशवीला खर्च किती आला ते कळतं आणि मग आपल्या हातावर किती पडतंय तेही कळतं. हे मी घरी येऊन, जुन्या वर्तमानपत्रावर कापून कापून शिकले. मैत्रिणींनो, तुमच्या गटात करून पाहा. भिजवून, वाळवून, इस्त्री करून मोजलेलं ३६ इंच पन्ह्याचं मांजरपाट घ्या. ३४ इंच लांबीचा तुकडा काढा. त्यात १५ इंच रुंदीच्या दोन पिशव्या शेजारी शेजारी बसतात. तळाला शिवण नाही, तिथे कापड नुसतं दुमडायचं. उरते ६ इंच रुंद आणि ३४ इंच लांब पट्टी. ती उभी मधोमध आणि आडवी मधोमध कापली की १७ इंच लांब, ३ इंच रुंद असे बरोब्बर चार बंद, दोन्ही पिशव्यांचे. चिंधीसुद्धा उरत नाही. खांद्याला अडकवायची पिशवी हवी असेल तर बंद लांब लागतील, मग बेत बदलावा लागेल. आणखी एक. मीटर-मीटर कापत गेलात तर १० मीटरमध्ये २० पिशव्या निघतात. तेच सलग ३४-३४ इंचांनी कापलंत तर २२ निघतात. त्या दोन जादा पिशव्या कातर ज्याच्या हातात असते त्याच्या घरी जातात.

वर्ग संपल्यावर पंधरा दिवसांनी काम आलं. पुण्याच्या एका व्यापाऱ्याचं, मधल्या माणसाच्या हातून. नावं सांगण्यात अर्थ नाही, कारण तो गेला तर उद्या दुसरा येईल. शंभर पिशव्यांचा गठ्ठा, कापून आलेला, पिशवीमागे ६ रुपये. दोरा आपला, सुई आपली, मशीन आपलं, वीज आपली. शिवून झाल्यावर गठ्ठा एस.टी.ने बारामतीला नेऊन द्यायचा. अर्धं तिकीट सरकारने २०२३ पासून माफ केलं म्हणून बरं, उरलेलं अर्धं आपलंच.

आमच्या गटातली सगळ्यांत सफाईदार बाई, जिचा हात पाहून मला हेवा वाटतो, ती सात तास मशीनवरून न उठता बसली तर ३० पिशव्या काढते. हे सात तास सलग कधी मिळत नाहीत, पण हिशेबासाठी धरून चालू. ३० पिशव्यांचे १८० रुपये. त्यातून दोरा, सुई, तेल आणि मोटारीची वीज मिळून आम्ही दिवसाला १५ रुपये धरले. तिकीट धरलं नाही. राहिले १६५. याला उदार मनाने 'घरबसल्या उत्पन्न' म्हणतात.

आता दुसरीकडे पाहा. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावर दिवसाची मजुरी २९७ रुपये होती. उन्हात माती उचलणाऱ्या अकुशल बाईला २९७. सात दिवसांचं प्रशिक्षण घेतलेल्या, प्रमाणपत्र भिंतीला लावलेल्या कुशल बाईला १६५. शिक्षणाने बाईची किंमत वाढते म्हणतात ना!

रोजगार हमीचा उल्लेख मी उगाच करत नाही. इंदापूरचा पूर्व भाग पूर्वापार दुष्काळी. उजनीचं पाणी काठाच्या गावांना लाभलं, बारामतीकडे नीरेच्या डाव्या कालव्यावर ऊस पिकला, तरी कोरडी गावं कोरडीच राहिली. १९७२ च्या दुष्काळात या भागातल्या बाया खडी फोडत होत्या. त्या दुष्काळातून रोजगार हमी उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला. त्या योजनेतही मजुरी कामावर होती, म्हणजे किती माती खणली त्यावर. पण दर कसा ठरवायचा याचं एक सूत्र होतं. साधारण ताकदीच्या माणसाने सात तास नेटाने काम केलं तर त्याला शेतमजुरीच्या किमान वेतनाएवढे पैसे पडावेत, अशा बेताने दर बसवायचा. म्हणजे कुणी तरी बांधावर उभं राहून मोजलं की मुरमात किती खणून होतं, काळ्या मातीत किती होतं. ते मोजमाप बायकांवर अन्याय करणारं आहे म्हणून त्या काळी मोर्चेही निघाले. पण भांडायला निदान एक मोजमाप होतं.

पिशवीचं मोजमाप कुणी केलंय? कुठल्या साहेबाने मशीनशेजारी घड्याळ घेऊन बसून पाहिलं की दोन टिपांची पिशवी शिवायला किती वेळ लागतो? आम्ही पाहिलं. चौदा मिनिटं, सफाईदार हाताला. २९७ ला ३० ने भागा, ९ रुपये ९० पैसे येतात. त्यात दोरा-विजेचे ५० पैसे घाला. १० रुपये ४० पैसे हा दर नुसत्या मातीकामाच्या बरोबरीला येण्यासाठी लागतो, कौशल्याचा एक पैसाही न धरता. आम्हाला मिळत होते ६.

व्यापाऱ्याची बाजूही मी ऐकून घेतली. कापड महाग झालंय, छपाई आहे, दुकानाचं भाडं आहे, माल पडून राहतो. खरं आहे. त्यातल्याच एका पिशवीवर पुढे 'नारीशक्ती' छापून ती पुण्यातल्या एका प्रदर्शनात १५० रुपयांना टांगलेली मी पाहिली. १५० मधले १४४ त्याने खिशात घातले असं मी म्हणणार नाही, तेवढा हिशेब आता मला येतो. पण १५० मधून ४ रुपये ४० पैसे जास्त निघत नाहीत, हे मात्र मला कुणी पटवू नये.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "अहो ताई, बायका अजून शिकतायत. हात बसला की वाढवू." शिकतायत म्हणून कमी! या एका वाक्यावर वर्षानुवर्षं लाखो पिशव्या फुकटात शिवल्या गेल्या असतील. आमच्या वर्गात सात दिवसांत शिवलेल्या पिशव्याही 'नमुने' म्हणून गोळा करून नेल्या होत्या. त्यांचं पुढे काय झालं, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. शिकाऊ हाताला मजुरी नसते, असा काही निसर्गनियम आहे का? २०२३ च्या सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारने पीएम विश्वकर्मा योजना आणली. अठरा कारागिरांच्या यादीत शिंपीकाम आहे. त्या योजनेत प्रशिक्षणाच्या दिवसाला ५०० रुपये भत्ता ठरवला आणि अवजारांसाठी १५,००० रुपये. (आपल्याकडे तिचा प्रचार 'मोफत शिलाई मशीन' एवढाच झाला आणि फॉर्म भरून देणाऱ्यांनी बायकांकडून पैसे उकळले, तो वेगळा विषय.) मुद्दा एवढाच की शिकण्याच्या दिवसालाही किंमत असते हे सरकारने स्वतः कागदावर मान्य केलं आहे. मग समाजमंदिरातल्या सात दिवसांना ती का नाही?

आता उसवण्याकडे येते, कारण माझा खरा राग तिथे आहे.

पहिल्या शंभरातल्या चौदा पिशव्या परत आल्या. माझ्या त्यात सहा होत्या, लपवत नाही. बंद वाकडा, टीप सुटलेली, एका ठिकाणी दोऱ्याचा गुंता. "दुरुस्त करून द्या, नाही तर कापडाचे पैसे कापून घेऊ." शिवलेलं उसवणं हे शिवण्यापेक्षा वेळखाऊ काम आहे. ब्लेडने एकेक टाका कापायचा, कापडाला भोक पडू द्यायचं नाही, दोऱ्याचे तुकडे वेचायचे, इस्त्री करून सुया पडलेल्या खुणा मिटवायच्या आणि मग पुन्हा शिवायचं. एका पिशवीला माझा पाऊण तास गेला. मजुरी शून्य. वर रात्री डोळ्यांतून पाणी. आणि गटातल्या बायका एकमेकींवर चिडल्या. तुझ्यामुळे गठ्ठा परत आला, म्हणून दोघी जणी आठ दिवस बोलत नव्हत्या. व्यापाऱ्याला भांडायला यावंच लागलं नाही.

मी चिडून पुण्याच्या एका वकील मैत्रिणीकडे गेले. तिने मला जे सांगितलं ते सगळ्या गटांनी ऐकावं असं आहे. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आंध्र प्रदेशातला एक खटला आला होता, सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊस या दुकानाचा. तिथले शिंपी नगावर काम करायचे. काम नसेल तर घरी जायचे, कधी कधी कापड घरी नेऊन शिवायचे. मालक म्हणाला, हे माझे नोकर नाहीत, हे स्वतंत्र कारागीर आहेत. न्यायालयाने ते मानलं नाही. का? एक महत्त्वाचं कारण असं दिलं की सांगितल्याप्रमाणे शिवलं नाही तर माल नाकारण्याचा आणि पुन्हा शिवून घेण्याचा अधिकार मालकाकडे आहे. हा अधिकार ज्याच्याकडे आहे त्याचं कामावर नियंत्रण आहे.

मी तिला ते दोनदा सांगायला लावलं. म्हणजे ज्या उसवण्याची मला लाज वाटत होती, तेच आमच्या बाजूचा पुरावा आहे! तो पिशवी परत पाठवतो, बंद किती इंच आणि टीप किती बारीक ते सांगतो, पुन्हा शिवायला लावतो, म्हणून तो मालक आहे आणि आम्ही कामगार. 'लाभार्थी' नव्हे, 'उद्योजिका'ही नव्हे. त्या खटल्यात मशीनं दुकानाची होती, आमच्यात मशीन आमचं असतं, हा फरक समोरचे वकील दाखवतीलच. दाखवू देत. मालकाने मशीनचाही खर्च आपल्या गळ्यात बांधला, तर त्याने तो कमी मालक होतो की जास्त?

घरी बसून काम करणाऱ्या बाईला कामगार मानता येत नाही हे तर मुळातच खोटं आहे. आपल्या शेजारी सोलापूर आहे. तिथल्या विडी वळणाऱ्या बायकांनी हे सिद्ध करून ठेवलं आहे. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने पान-तंबाखू घरी नेऊन विड्या वळणारी बाई कामगार धरली. एवढंच नव्हे, तर मालकाने विड्या नापास केल्या आणि त्यांची मजुरी दिली नाही, तर त्या तंट्याचा निवाडा कुणी करायचा याचीही तरतूद त्या कायद्यात केली. नापास झालेली विडी कायद्याला दिसली, नापास झालेली पिशवी अजून कुणाला दिसत नाही. त्यामागे सोलापूरच्या बायकांचे लाल बावट्याखालचे मोर्चे होते. आपण पिशव्यांसाठी एकही काढला नाही. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली घरखेप कामगारांचा १७७ क्रमांकाचा करार केला, इतर मजुरांच्या बरोबरीची वागणूक द्या असं त्याचं सूत्र. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. आपल्या मागणीपत्रांत तरी तो कितीदा येतो?

बारामतीच्या एम.आय.डी.सी.त टेक्स्टाइल पार्क आहे. तिथे शेकडो बायका रांगेत बसून कपडे शिवतात. तिथे सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. उत्पादनाचा आकडा गाठताना बायकांच्या मानेचं आणि कंबरेचं काय होतं ते त्यांच्याकडूनच ऐकावं. पण त्या फाटकातून आत गेल्या की कामगार होतात. हजेरी लागते, भविष्यनिर्वाह निधीचं नाव तरी काढता येतं. तेच कापड, तीच टीप उंबऱ्याच्या आत मारली की ती मजुरी राहत नाही, तो 'फावल्या वेळेचा सदुपयोग' होतो.

हा फावला वेळ मी फार शोधला. पहाटे पाच ते नऊ स्वयंपाक, पाणी, डबे, जनावरं. मग खुरपणी किंवा ऊसबांधणी. संध्याकाळी पुन्हा चूल. आमच्या गटातल्या बायका पिशव्या शिवतात दुपारी एक ते तीन आणि रात्री दहानंतर. त्याला फावला वेळ म्हणत नाहीत, झोप म्हणतात.

आणि खुरपणीला याहून जास्त मिळतं हे माहीत असून बायका मशीनवर का बसतात, हाही प्रश्न विचारायला हवा. त्याचं उत्तर अवघड जागेचं आहे. आमच्या वर्गातल्या बावीस जणींपैकी तेरा जणींच्या घरी 'आमच्यातल्या बायका दुसऱ्याच्या रानात जात नाहीत' हा नियम आहे. मशीन घरात आलं तर सुनेला बाहेर पाठवायला लागत नाही आणि चार पैसेही येतात, म्हणून सासऱ्यांनीच नाव नोंदवलं. ज्या दलित वस्तीतल्या बाया पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या रानात राबल्या, त्यांच्यातल्या फक्त तिघी वर्गाला होत्या. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले १० टक्के महिला-बालकल्याणावर खर्च करायचे असतात. ते अनेकदा शिलाई मशीन वाटपावर जातात. ही मशीनं कुणाच्या घरी गेली ते एकदा आपापल्या गावात यादी काढून पाहा. आमच्या गावात दोन घरांत ती टीव्हीशेजारी विणलेलं आच्छादन घालून उभी आहेत. फोटो काढून झाला, काम झालं.

यात नवं काही नाही. बारामतीहून दौंडकडे आणि तिथून पुढे गेलं की केडगाव. तिथे पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुलींना शिवण-विणकाम शिकवलं, तसंच तेलाचा घाणा चालवायला आणि छापखान्यात खिळे जुळवायलाही शिकवलं. बायकांनी पुस्तकं छापली तिथे. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या सेवासदनात शिवण होतं, तसंच शिक्षिका आणि परिचारिका होण्याचं शिक्षणही होतं. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी सुई ही अनेक वाटांतली एक वाट होती. आज आमच्या तालुक्यात बाईच्या नावाने योजना निघाली की पिशवी, पापड, मसाला. मुलांना वायरमन आणि ट्रॅक्टर दुरुस्ती. २०१८ च्या मार्चमध्ये राज्याने प्लास्टिक पिशव्यांवर बंदीची अधिसूचना काढली, जूनपासून दंड सुरू झाला, आणि जो तो म्हणायला लागला, आता बचत गटांना कापडी पिशव्यांचं काम द्या. पर्यावरण वाचवायचं ओझंही बायकांच्या पाठीवर, तेही सहा रुपयांत! गिऱ्हाईक म्हणतं, कापडी पिशवी महाग पडते. प्लास्टिकची स्वस्त होती कारण तिची किंमत नदी भरत होती. कापडी स्वस्त पाहिजे असेल तर ती किंमत रात्री दहानंतर जागणारी बाई भरणार. तुम्ही, मी, आपल्या संघटना, सगळ्या यात गिऱ्हाईक आहोत. आपल्याच परिषदांना वाटलेल्या कापडी पिशव्यांना आपण काय दर दिला होता? मी आमच्या जुन्या जमाखर्चाच्या वह्या काढून पाहिल्या. मागच्या जिल्हा मेळाव्याला आम्ही तीनशे पिशव्या घेतल्या होत्या, शिलाईसकट सगळ्यांत कमी दर सांगणाऱ्याकडून. त्या कुणी शिवल्या, ते वहीत नाही.

म्हणून आता माझं म्हणणं शिवणक्लास बंद करा असं नाही. उलट ते घ्या, पण आपण घ्या. पहिल्या दिवशी मशीन नको, खडू आणि वर्तमानपत्र द्या. बेतायला शिकवा, मग शिवायला. वर्गात शिवलेली प्रत्येक पिशवी शिवणारीच्या नावावर लिहा आणि ती विकली गेली तर पैसे तिला. काम घेताना दर नगावर ठरवा, पण तो घड्याळ लावून, चारचौघींसमोर शिवून ठरवा आणि मातीकामाच्या मजुरीच्या खाली उतरू नका. एकीने उतरलं की सगळ्या उतरल्या, म्हणून जवळच्या गावांतल्या गटांनी एकच दर सांगायला हवा. हे सगळ्यांत अवघड आहे. आमच्या शेजारच्या गावातल्या गटाने गेल्या महिन्यात साडेपाचला काम उचललं. मी त्यांना दोष देत नाही, त्यातल्या एकीच्या मुलाची फी भरायची होती. पण त्यांच्याकडे जाऊन बसावं लागेल, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा.

आमच्या गटाने वह्या घातल्या आहेत. शाळेच्या दुरेघी वह्या, प्रत्येकीची वेगळी. त्यात चार रकाने आहेत. तारीख, शिवलेल्या पिशव्या, लागलेला वेळ आणि चौथा रकाना उसवण्याचा. किती पिशव्या परत आल्या, कुणी आणि काय कारण सांगून परत पाठवल्या, उसवून पुन्हा शिवायला किती वेळ गेला. दोघी जणींना लिहिता येत नाही, त्यांच्या वह्या ती एकोणीस वर्षांची मुलगी भरते. मधला माणूस पुढचा गठ्ठा घेऊन आला तेव्हा त्याने विचारलं, हे काय चाललंय? बायकांनी सांगितलं, हिशेब. तो हसला. मग त्याने ती वही हातात घेऊन चौथा रकाना वाचला आणि म्हणाला, "हे कशाला लिहिता? हे खोडून टाका."

खोडलेलं नाही. वह्या माझ्याकडे आहेत. पुढच्या महिन्यात त्या घेऊन आम्ही पुण्याला कामगार आयुक्तांच्या कचेरीत जाणार आहोत. बारामती, इंदापूर आणि दौंड तालुक्यांतल्या ज्या गटांकडे असा हिशेब असेल, त्यांनी तो सोबत आणावा. नसेल तर आजपासून लिहायला घ्यावा.